आगरातली आगगाडी: दोन पावसाळ्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरीपासून फार लांब नसलेल्या एका गावातलं हे घर. घरातल्या माणसांना विचारूनच लिहितोय, पण नावं आणि गाव देत नाही. अण्णांनी सगळी नोकरी ओव्हरसियर म्हणून काढली. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या इमारती उभ्या केल्या आणि निवृत्त होऊन गावी आले. काकी आगर, म्हणजे घराची माडांची बाग, बघतात. मुलगा-सून जर्मनीत, नात नऊ वर्षांची. एका डिसेंबरात ही मंडळी आली, ती एका मोठ्या खोक्यात बागेत चालवायची आगगाडी घेऊनच. तिकडे अशा गाड्यांचा छंद जुना आहे. एलजीबी या नावाने त्या १९६८ पासून मिळतात. रूळ पितळेचे, दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, डबे हातभर लांब.

मी शेजारी राहतो. आमची गणपतीची शाळा आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. शाडूच्या मूर्ती करतो, आणि कुणी सांगितलं तर सोबत देखावाही करून देतो. म्हणून अण्णांनी मला हाक मारली. "तू डोंगर-घरं कर, मी रूळ टाकतो," इतक्या सरळ वाटणीवर काम सुरू झालं.

जागा ठरली खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, खालच्या अंगाला. वर गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण), खाली उतार, मध्ये तीन माड. रुळांचं वेटोळं ११ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद बसत होतं. नातीच्या मागण्या तीन: एक पूल, एक बोगदा आणि कौलारू स्टेशन. कोकण रेल्वेने येणाऱ्या मुलीने दुसरं काय मागावं!

मापाचा हिशेब सुरुवातीलाच करावा लागला. ४५ मिलिमीटरच्या रुळांवर ही गाडी मीटरगेजची, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवरच्या गाडीची, प्रतिकृती म्हणून धावते, प्रमाण १:२२.५. आपली कोकण रेल्वे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरची. याच प्रमाणात तिचे रूळ ७४ मिलिमीटरवर गेले असते. म्हणजे हुबेहूब कोकण रेल्वे होणार नव्हतीच. अण्णांना वास्को-लोंढा मार्गावरची जुनी मीटरगेज आठवत होती. त्यांनी ठरवलं की आपली लाइन कुठलीच खरी नाही, पण कोकणातली वाटली पाहिजे. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. तो मापात केला तर २ मीटर ८४ सेंटिमीटर, म्हणजे अण्णांच्या डोक्यावरून जाणार. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मापात २८९ मीटर, म्हणजे आगर ओलांडून थेट रस्त्यापर्यंत. पूल गुडघ्याइतका आणि बोगदा दोन हातांचा, यावर एकमत झालं.

पहिल्या पावसात काय झालं

फेब्रुवारी ते मे काम चाललं. डोंगराला बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेलं गोणपाट. स्टेशन एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, कौलं पुठ्ठ्याची, वर दोन हात ऑइलपेंट. पुलाचे खांब थर्माकोलचे, वरून सिमेंटचा पातळ हात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नातीने शिट्टी फुंकली आणि गाडी सुटली. तेव्हाचे फोटो अजून बघावेसे वाटतात.

वळवाच्या पहिल्या सरीतच डोंगर मऊ पडला. जूनमध्ये मिरगाचा पाऊस लागला आणि दोन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. गडग्यावरून येणारं पाणी डोंगराच्या पोटात शिरलं आणि सोपी वाट म्हणून बोगद्यातून बाहेर पडलं. रुळाखालची रेव वाहून माडाच्या आळ्यात जाऊन बसली. एमडीएफच्या भिंती फुगून दुप्पट जाड झाल्या, खिडक्या मिटल्या. खारी हवा आणि पाऊस, दोन्ही मिळून लोखंडी स्क्रूंनी प्रत्येक सांध्यातून तांबडे ओघळ सोडले. पाऊस उघडल्यावर डोंगर फोडला तर आतल्या कामट्या वाळवीने पोखरलेल्या.

पैसे गेले २८,००० च्या आसपास, रूळ आणि गाडी सोडून. काकींना पैशांपेक्षा दुसरं लागलं. "पोरीला फोनवर काय सांगू?" एवढंच त्या म्हणाल्या.

चूक नेमकी कुठे

यावर आम्ही दोघांनी पडवीत बसून बराच काथ्याकूट केला. सामान वाईट होतं, हे खरं, पण ते नंतरचं. मी देखावा केला होता. गणपतीचा देखावा घरात असतो, छपराखाली असतो, दहा दिवसांचा असतो. त्यात समोरून दिसतं तेवढंच खरं, मागे काय आहे ते कुणी बघत नाही. माझ्या हाताला तीच सवय. बागेतलं काम मात्र चारही बाजूंनी उघडं, बारा महिने, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं. त्याला देखावा म्हणणंच चूक. ते बांधकाम आहे.

अण्णांची चूक वेगळी होती आणि ती त्यांनीच बोलून दाखवली. आयुष्यभर रस्ता आखताना आधी पाणी कुठून येतं ते बघितलं, मोरी आधी आणि डांबर नंतर. इथे खेळणं म्हणून ती नजर बाजूला ठेवली. मोरी नाही, चर नाही, उताराच्या आडवा बांध घातल्यासारखा डोंगर.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा उमगली, ती मी आता सगळ्यांना सांगतो. प्रतिकृतीत घर लहान होतं, माणूस लहान होतो, पण पावसाचा थेंब लहान होत नाही. तीन मिलिमीटरचा थेंब त्या स्टेशनातल्या माणसाच्या हिशेबाने जवळजवळ सात सेंटिमीटरचा गोळा आहे. खऱ्या घराच्या वळचणीखाली पागोळ्यांनी जमिनीत खळगे पडतात, ते आपण बघतोच. त्या बाहुल्यांच्या गावावर प्रत्येक सर दगडफेक करत येते. म्हणून बागेतलं छोटं घर खऱ्या घरापेक्षा दणकट लागतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकींचा, गुंडाळून ठेवा. त्यात राग नव्हता. अण्णांची कंबर दुखत होती आणि रोज उकिडवं बसणं त्यांना झेपत नव्हतं.

दुसरा, सगळं पडवीत घ्यायचं. पडवी चार मीटरची, या रुळाचं वळण तिथे कसंबसं बसलं असतं, पण मग तो पुन्हा देखावाच. नातीला माती हवी होती.

तिसरा, वर मांडव घालून पत्रा टाकायचा. वाऱ्याचा विचार केल्यावर हा मागे पडला. शिवाय पत्र्याखाली शेवाळ धरत नाही, नेचे येत नाहीत, आणि पत्र्यावरून एका धारेत पडणारं पाणी पुन्हा रुळावरच.

चौथा अण्णांचा, सगळं सिमेंट-सळईत ओतायचं, एकदाच, कायमचं. पाचवा माझा, सगळं उचलता येईल असं करायचं आणि मिरगाआधी घरात घ्यायचं.

चौथ्या आणि पाचव्यावर आमची पंधरा दिवस ओढाताण झाली. अण्णांचं म्हणणं, उचलायचं म्हटलं की सांधे आले, सांधे आले की फटी आल्या. माझं म्हणणं, ओतलेलं काम फुटलं तर दुरुस्त कोण करणार? तोड निघाली ती चालता चालता. गावात एक बंद घर आहे, मालक मुंबईला. छप्पर गेलं, भिंती बसल्या, जोतं मात्र तसंच आहे, जांभ्याचं, एक चिरा हललेला नाही. अण्णा तिथे थांबून म्हणाले, "जोतं कायमचं ठेवू. घर तुझं, उचल."

तसंच केलं. जमीन, चर, रूळ, पूल, डोंगर, प्लॅटफॉर्म आणि प्रत्येक इमारतीचं जोतं कायमचं. भिंती-छप्पर एकसंध टोपीसारखं, जोत्याच्या काठावर बसणारं.

काम

सुरुवात दसऱ्यानंतर केली, आणि आधी फक्त पाण्याची. गडग्याच्या पायथ्याशी वीतभर रुंद चर मारली, दोन्ही टोकांना उतार देऊन पाणी वेटोळ्याच्या बाहेरून काढलं. खऱ्या रेल्वेच्या कटिंगलाही माथ्यावर अशी चर असते, डोंगराचं पाणी रुळावर येण्याआधीच वळवायला. रुळाखाली अर्धा फूट खोल खणून जांभ्याचे तुकडे भरले, वर क्रशरची काळी ग्रीट. पहिल्या वेळी गोल रेव वापरली होती. गोल दाणे एकमेकांत अडकत नाहीत, पाण्याबरोबर गडगडत जातात. क्रशरच्या ग्रीटला धार असते, ती एकमेकांना धरून बसते. जिथे पाणी आडवं जाणारच होतं तिथे चार ठिकाणी पीव्हीसी पाइपच्या मोऱ्या टाकल्या आणि तेवढ्याच भागात ग्रीटमध्ये सुकं सिमेंट मिसळून वरून झारीने पाणी मारलं. बाकी रूळ मोकळे. उन्हात पितळ वाढतं, त्याला हलायला जागा लागते. चढ मीटरला दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ दिला नाही. लेव्हल पाइप घेऊन हे सगळं अण्णांनीच तपासलं, आणि तेव्हा त्यांची कंबर दुखल्याचं मला आठवत नाही.

पुलाचे खांब ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात ओतले. पाइप उभा चिरायचा, आतून तेल लावायचं, तारेने आवळायचा, मधोमध एक सळई, वरून सिमेंट-ग्रीट. तीन दिवसांनी पाइप उघडला की गुळगुळीत खांब. असे सात, आणि त्यांवर कडाप्प्याच्या दहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या.

डोंगर जांभ्याचा. चिऱ्याचे फुटके तुकडे खाणीवर पडलेलेच असतात. ते रचताना एकच पथ्य पाळलं, मोठे खाली, आणि प्रत्येक दगड किंचित आत कललेला, गडगा रचतात तसा.

स्टेशनच्या भिंतीही खऱ्या जांभ्याच्या कराव्यात, असं आधी वाटलं होतं. ताजा जांभा करवतीने कापतो, अण्णांनी चार छोटे चिरे कापूनही दाखवले. पण ते समोर ठेवले आणि नजरेला खटकले. जांभ्याचं छिद्र सेंटिमीटरभर असतं. त्या मापात ते वीतभर भोक. डोंगराला ती भोकं गुहांसारखी शोभतात, भिंतीला मात्र ती शोभेनात. मग मी माझ्या कामाकडे वळलो. दहा मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी फोम शीटच्या भिंती कापल्या, सांधे स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंचे. त्यांना पॉलिशपेपर मारून बॉण्डिंग लिक्विड मिसळलेल्या सिमेंटचा पातळ गिलावा दिला, त्यात रेड ऑक्साइड. गिलावा अर्धवट आवळला की दाभणाने चिऱ्यांच्या ओळी ओढायच्या. फूटभर लांब चिरा इथे साडेतेरा मिलिमीटर. मग जुना टूथब्रश उभा धरून हलके टोचायचं. फार लवकर टोचलं तर गिलावा ब्रशला येतो, उशीर झाला तर खूणच उठत नाही. मधली वेळ अंगठ्याने कळते. अंगठा टेकला की ठसा उमटला पाहिजे, पण ओल लागता कामा नये. पहिल्या दोन भिंती मी फेकल्या. तिसरी नीट आली.

कौलांसाठी दहा कौलांची एक पट्टी शाडूत कोरली, तिचा सिलिकॉनचा साचा घेतला, आणि पांढरं सिमेंट व रेड ऑक्साइड मिसळून पट्ट्या ओतल्या. रंग वरून न देता आतच घातला, कारण लोह-ऑक्साइडचा रंग उन्हाने उडत नाही. मंगलोरी कौल मापात १८ मिलिमीटर लांब. छपराची वळचण मापापेक्षा जरा जास्त, ३५ मिलिमीटर बाहेर काढली, पागोळी जोत्यावर न पडता पलीकडे पडावी म्हणून.

रुळांतून वीज घेणं मात्र सोडून दिलं. खाऱ्या हवेत पितळ दोन दिवसांत काळवंडतं आणि रोज घासत बसावं लागतं. इंजिनामागच्या डब्यात बॅटरी आणि हातात रिमोट, एवढ्यावर प्रश्न मिटला.

बोगद्याचा प्रश्न

सगळ्यात अवघड निर्णय हा होता, म्हणून वेगळा लिहितो.

जुना बोगदा मोडण्याआधी आत अडकलेले दोन रूळ काढायचे होते. अण्णा हात घालणार होते. मी म्हटलं थांबा, आणि बॅटरी मारली. उजेड पडताच करवत घासल्यासारखा आवाज आला. फुरसं. वेटोळं करून, अंगावरचे खवले एकमेकांवर घासत बसलेलं, विटकरी-करड्या मातीत माती झालेलं. वीतभर आत. सर्पमित्राला फोन केला, त्याने ते नेऊन लांब सोडलं. कुणाला काही झालं नाही. आमच्या भागात जांभ्याच्या सड्यांवर, दगडांच्या फटींत फुरसं असतंच. आम्ही त्याला आयती सावलीची नळी बांधून दिली होती, आणि त्या नळीत गाडी अडकली की पहिला हात नातीचा जाणार होता.

काकी म्हणाल्या, "बोगदा होणार नाही." त्यावर कुणी वाद घातला नाही. पण नात फोनवर रडली. बोगद्याशिवाय कोकण कसलं, हा तिचा मुद्दाही खोटा नव्हता.

मधला मार्ग असा निघाला. बोगदा ९० सेंटिमीटरचाच. मागची बाजू पूर्ण उघडी, म्हणजे समोरून बोगदा आणि मागून ओसरी. वरची तीन झाकणं कडाप्प्याची, दोन्ही हातांनी उचलता येतील अशी. आतली जमीन आणि भिंत गिलावा करून गुळगुळीत, फट ठेवायची नाही. खेळ संपला की दोन्ही तोंडांना लाकडी बुचं आणि मागच्या उघड्या बाजूला बारीक जाळीची चौकट. डोंगराच्या दगडांतल्या फटीही सिमेंटने बंद केल्या. त्यामुळे डोंगर थोडा कमी देखणा झाला, आणि ते आम्ही मान्य केलं. नियम एकच: आधी बॅटरी, मग काठी, हात शेवटी, आणि तोही मोठ्या माणसाचा. हा नियम काकींनी पडवीच्या खांबावर खडूने लिहून ठेवलाय. पुसट झाला की पुन्हा लिहितात.

परिणाम

दुसरा पावसाळा आला. स्टेशन, केबिन आणि दोन घरं मेअखेर माळ्यावर गेली. कोकण रेल्वेचंही पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात. आमचं वेळापत्रक म्हणजे बंद.

चर चालली. पहिल्या मोठ्या पावसात अण्णा छत्री घेऊन उभे होते. पाणी गडग्यापाशी आलं, वळलं आणि बाजूने निघून गेलं. ते आत येऊन चहा मागून बसले, बोलले काहीच नाहीत.

सगळंच टिकलं असं नाही. जुलैत एका रात्री खालच्या मोरीच्या तोंडाशी जांभळाची पानं अडकली आणि दोन मीटर ग्रीट वाहून गेली. मोऱ्यांच्या तोंडाला जाळी बसवायला हवी होती. ऑगस्टमध्ये माडावरून नारळ पडून पुलाची एक पट्टी दुभंगली. खांब मात्र जागचा हलला नाही. पट्टी नवी टाकली, अर्ध्या तासाचं काम. सगळं एकसंध ओतलं असतं तर पूलच फोडावा लागला असता, हे अण्णांनी स्वतः कबूल केलं.

माळ्यावरून स्टेशन उतरवलं तर तिकीटखिडकीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. नातीने ते काढू दिलं नाही. ती त्याला स्टेशनमास्तरची खोली म्हणते.

डोंगर मात्र आम्ही कल्पना केली नव्हती इतका सुंदर झाला. जांभ्यावर आधी काळसर झाक आली, मग शेवाळ, मग फटींच्या कडेला चिमुकले नेचे. कुठल्याही रंगाने तो हिरवा मला साधला नसता. ग्रीटमध्ये दूर्वा येतात, त्या उपटून गणपतीला जातात, म्हणून तणनाशक मारायचं नाही असं ठरलंय. रुळालगत काकींनी तीन छोटी खाचरं केली आणि त्यांत भाताचा तरवा दाट पेरला. रोपं चार सेंटिमीटरची झाली की मापात बरोबर कंबरेइतकं उभं पीक दिसतं. हे पाच-सहा दिवसच. मग भात स्टेशनला झाकून टाकतं आणि कात्री चालवावी लागते.

पुन्हा करायचं झालं तर

एक पावसाळा नुसता बघण्यात घालवला असता. रूळ जिथे जाणार तिथे खुंट्या ठोकून, कुठे पाणी साचतं, कुठून धावतं, ते पाहून मगच फावडं उचललं असतं. घाई होती ती नातीच्या सुट्टीची. पुठ्ठ्याचं स्टेशन महिनाभर मांडून तिची हौस भागली असती आणि जागाही पारखली गेली असती.

पूल माडांच्या घेराबाहेर हवा होता. नारळ वेळेवर पाडून घेतो, तरी झावळ कधी सुटेल सांगता येत नाही. माडाखाली नुसते रूळ चालतात, कारण त्यांवर पडलं तरी फारसं बिघडत नाही. आणि रूळ जमिनीपासून दीड फूट उंच, चिऱ्याच्या बांधावर घेतले असते तर अण्णांना उकिडवं बसावं लागलं नसतं, बोगदाही डोळ्यांच्या उंचीजवळ आला असता. खर्चाकडे बघून आम्ही ते टाळलं. आता वाटतं, घरं दोन कमी केली असती तरी चाललं असतं, बांध करायला हवा होता.

खालच्या दळ्यात (शेताच्या तुकड्यात) एक नवा फाटा काढायचं अण्णांच्या मनात आहे. यंदा तिथे फक्त चौदा खुंट्या आहेत, प्रत्येकीवर रंगाचा आकडा. पाऊस थांबला की अण्णा एक चक्कर मारतात आणि रात्री नातीला फोनवर आकडे सांगतात. परवा चौथ्या आणि नवव्या खुंटीपाशी पाणी होतं. सातवी कोरडी.